हमीपत्रावर सही करण्याआधी

नाशिक जिल्ह्यातल्या एका तालुक्याच्या गावाहून एका परिचारिका भगिनीचे पत्र आले आहे. जीएनएम (परिचर्या आणि प्रसूतीसेवेची पदविका) झाल्यापासून त्या साठ खाटांच्या एका खासगी रुग्णालयात नोकरी करतात. कोविडमध्ये त्यांनी विलगीकरण कक्षात काम केले, सप्टेंबर २०२० मध्ये त्या स्वतः बाधित झाल्या आणि आजारपणाचे ते दिवस बिनपगारी रजेत मांडले गेले. आता व्यवस्थापनाने 'साथरोग सज्जता' या नावाखाली सर्व परिचारिकांपुढे एक हमीपत्र ठेवले आहे. साथीच्या काळात नेमून दिलेल्या कामास नकार देणार नाही, संसर्ग झाल्यास जबाबदारी माझी राहील व मी कोणतीही भरपाई मागणार नाही, आणि संरक्षक साहित्याविषयी रुग्णालयाबाहेर तक्रार करणार नाही, अशी तीन कलमे त्यात आहेत. त्या विचारतात : "सही करावी का? पुन्हा साथ आली आणि किट नसताना आत जा म्हणाले, तर नकार देणे गुन्हा ठरेल का? मी आत गेले नाही आणि रुग्ण दगावला, तर दोष कोणाच्या माथी? माझी मुलगी दहा महिन्यांची आहे, अजून अंगावर पिते. सासूबाईंना मधुमेह आहे. मागच्या वेळी घरमालकाने खोली खाली करायला सांगितले होते. यजमान म्हणतात, नोकरीच सोड. पण मला नोकरी सोडायची नाही."

ताई, सप्रेम नमस्कार.

तुम्हाला नोकरी सोडायची नाही, हे गृहीत धरूनच मी उत्तर देत आहे. नोकरी टिकवणे, रुग्णाला वाऱ्यावर न सोडणे आणि स्वतःचा जीव फुकाचा न ठरू देणे ही तिन्ही कामे एकत्र साधता येतात. मात्र त्यासाठीचा वाद साथ आल्यावर, रुग्ण खाटेवर धापा टाकत असताना, वॉर्डाच्या दारात घालायचा नसतो. तो साथ नसताना, शांत डोक्याने आणि कागदावर घालायचा असतो. व्यवस्थापनाने स्वतःच कागद पुढे केला आहे, तेव्हा ही वेळ तुमच्या सोयीचीच आहे.

हमीपत्रातली तीन कलमे एका मापाने मोजू नका. कामास नकार न देण्याचे पहिले कलम मुळात गैर नाही. साथीत कामावर हजर राहणे हा आपल्या पेशाचा भाग आहे आणि परिचर्या परिषदेत नाव नोंदवताना आपण तो पत्करलेला असतो. त्यात खटकते ते एवढेच की परिचारिकेने काय करावे हे लिहिले आहे आणि रुग्णालयाने तिला काय पुरवावे याविषयी अक्षरही नाही.

दुसरे कलम मात्र मान्य करण्याजोगे नाही. जो करार कायद्याच्या तरतुदी निष्फळ करतो किंवा लोकहिताच्या धोरणाविरुद्ध जातो तो रद्दबातल ठरतो, असे भारतीय करार कायद्याचे कलम २३ सांगते. कामामुळे झालेल्या इजेची भरपाई मागण्याचा हक्क कर्मचाऱ्याने आधीच लिहून सोडून दिला, तरी तो कायद्याच्या दृष्टीने सुटत नाही, हे तत्त्व आपल्याकडे १९२३ च्या कामगार भरपाई कायद्यापासून आहे. त्याच कायद्याच्या परिशिष्टात व्यवसायजन्य रोगांची जी यादी होती, तिच्यात संसर्गाचा विशेष धोका असलेल्या कामात जडलेले संसर्गजन्य रोग अगदी पहिल्या क्रमांकावर होते आणि आरोग्यसेवेचा तिथे स्पष्ट उल्लेख होता. नव्या सामाजिक सुरक्षा संहितेतही ही नोंद कायम आहे. म्हणजे वॉर्डात जडलेला रोग हा 'तुमचे नशीब' नसून कामावरची इजा ठरू शकतो, आणि नेमके तेच हे कलम पुसू पाहते.

कायद्यापुढे कागद टिकणारच नसेल तर सही करायला काय हरकत, असे तुम्हाला कोणीतरी सांगेल. हरकत ही की असा कागद न्यायालयात जाण्यासाठी बनवलेला नसतोच, तो कर्मचाऱ्याला न्यायालयापर्यंत जाऊ न देण्यासाठी असतो. दावा करायची वेळ येते तेव्हा घरात आजारपण किंवा त्याहून वाईट काही घडलेले असते, आणि अशा वेळी "तुम्हीच लिहून दिले आहे" हे वाक्य ऐकून माणसे परत फिरतात. शिवाय दाव्याच्या कागदपत्रांसाठी रुग्णालयाचीच गरज लागते. कोविडच्या काळात केंद्र सरकारने पंतप्रधान गरीब कल्याण पॅकेजखाली आरोग्य कर्मचाऱ्यांसाठी ५० लाख रुपयांचे विमा संरक्षण ३० मार्च २०२० पासून लागू केले होते. त्यात खासगी रुग्णालयांतले आणि कंत्राटी कर्मचारीही धरले होते आणि हप्ता कर्मचाऱ्याला भरावा लागत नव्हता. तरीही मृत व्यक्ती कोविड रुग्णांच्या सेवेसाठी नेमलेली होती, असे प्रमाणपत्र कुटुंबाला संस्थेकडूनच आणावे लागे. त्या प्रमाणपत्राला आधार रोस्टर आणि नेमणुकीच्या आदेशाचाच असतो. ती योजना कोविडपुरती होती. पुढच्या साथीत तशीच मिळेल असे समजून चालू नका.

तिसरे कलम, बाहेर तक्रार न करण्याचे, याविषयी थोडे सविस्तर सांगावे लागेल, कारण यात अर्धे बरोबर आणि अर्धे चूक असे मिसळले आहे. रुग्णाचे नाव, छायाचित्र, अहवाल किंवा वॉर्डातली चित्रफीत व्हॉट्सअॅपवर टाकणे, वाहिनीच्या प्रतिनिधीला फोनवरून माहिती देणे, हे परिचारिकेने करायचे नाहीच. त्याबद्दल रुग्णालयाने हमी मागितली तर ती द्यावी. पण कायद्याने नेमलेल्या अधिकाऱ्याकडे जाणे म्हणजे बाहेर बोभाटा करणे नव्हे. खासगी रुग्णालयांची नोंदणी ज्या स्थानिक पर्यवेक्षी प्राधिकाऱ्याकडे असते, म्हणजे जिल्ह्याच्या ठिकाणचे शल्यचिकित्सक किंवा महापालिका असेल तिथे तिचे आरोग्य अधिकारी, त्यांच्याकडे; कचरा आणि संरक्षक साहित्यासंबंधी महाराष्ट्र प्रदूषण नियंत्रण मंडळाकडे; आणि नोकरीच्या अटींसंबंधी कामगार आयुक्तांच्या कार्यालयाकडे जाण्यापासून कोणताही मालक कर्मचाऱ्याला रोखू शकत नाही.

प्रदूषण नियंत्रण मंडळाचे नाव वाचून तुम्हाला नवल वाटेल. जैववैद्यकीय कचरा व्यवस्थापन नियम, २०१६ हे आपल्याकडे फक्त पिवळी पिशवी आणि लाल पिशवी यांच्यापुरते ओळखले जातात, तुमच्याही वॉर्डात त्यांचा तक्ता भिंतीवर चिकटवलेला असेल. परंतु कचरा हाताळणाऱ्या सर्व आरोग्य कर्मचाऱ्यांना पुरेसे व योग्य संरक्षक साहित्य देणे, नोकरीवर घेताना आणि त्यानंतर दर वर्षी किमान एकदा प्रशिक्षण व आरोग्य तपासणी करणे, हिपॅटायटिस बी आणि धनुर्वाताची लस टोचणे, सुई टोचल्यासारख्या अपघातांची नोंद ठेवून कळवणे, ही कर्तव्ये याच नियमांनी रुग्णालयाच्या चालकावर टाकली आहेत. साथ असो वा नसो, ती रोज लागू असतात. तुमची वार्षिक तपासणी शेवटची केव्हा झाली, हे आठवून पाहा. साध्या दिवसांत हातमोजे मोजून देणारे रुग्णालय साथीत किट देईल, यावर माझा विश्वास बसत नाही.

आता सहीचे. सरळ नकार देऊ नका आणि एकट्याने काहीच देऊ नका. सर्व परिचारिकांनी मिळून अधिसेविकांच्या मार्फत व्यवस्थापनाला एक पत्र द्यावे. मजकूर साधारण असा ठेवता येईल : "साथीच्या काळात नेमून दिलेले कर्तव्य आम्ही बजावू. त्यासाठी कामाच्या धोक्याप्रमाणे आवश्यक संरक्षक साहित्य, ते घालण्या-काढण्याचे प्रशिक्षण व स्वतंत्र जागा, लसीकरण, कर्तव्यावर असताना संसर्ग झाल्यास उपचार आणि त्या काळाचे वेतन रुग्णालयाने द्यावे, अशी आमची विनंती आहे. हमीपत्रातील कलम २ व ३ कायद्याशी विसंगत असल्याने ती वगळून सुधारित मसुदा द्यावा." दुसऱ्या प्रतीवर आवक शिक्का आणि तारीख घ्या. शिक्का नाकारला तर तेच पत्र ई-मेलने किंवा नोंदणीकृत टपालाने पाठवा. फारच दबाव आला आणि मूळ कागदावरच सही करावी लागली, तर सहीशेजारी "कलम २ व ३ मान्य नाही" असे स्वतःच्या हाताने लिहा व त्या पानाचे छायाचित्र जवळ ठेवा. मूळ प्रमाणपत्रे मात्र कोणत्याही कारणाने कार्यालयात ठेवायला देऊ नका. साक्षांकित प्रती पुरतात.

नकार गुन्हा ठरेल का, हे आदेश कोणाचा आहे यावर अवलंबून आहे. साथरोग कायदा १८९७ चा, मुंबई इलाख्यातल्या प्लेगच्या धास्तीत केलेला. त्याच्याखाली सरकारने किंवा सरकारने अधिकार दिलेल्या अधिकाऱ्याने काढलेला आदेश मोडणे हा गुन्हा आहे. पूर्वी त्याला भारतीय दंडविधानाचे कलम १८८ लागत असे, १ जुलै २०२४ पासून त्या जागी भारतीय न्याय संहितेचे कलम २२३ आले आहे. आपत्ती व्यवस्थापन कायदा, २००५ च्या कलम ५१ मध्ये निर्देश पाळण्यास नकार दिल्यास एक वर्षापर्यंत आणि त्यामुळे जीवितहानी झाल्यास दोन वर्षांपर्यंत कैदेची तरतूद आहे. परंतु त्या कलमाची सुरुवातच "वाजवी कारणाशिवाय" या अटीने होते. श्वासनलिकेत नळी घालायची आहे आणि एन-९५ मास्क नाही, हे वाजवी कारण आहे. मला भीती वाटते, एवढेच म्हणणे ते नाही. आणि हेही ध्यानात ठेवा की खासगी रुग्णालयाचा व्यवस्थापक म्हणजे सरकार नव्हे. त्याचे परिपत्रक मोडणे ही फार तर शिस्तभंगाची बाब होईल, गुन्हा नव्हे. "तुमच्यावर मेस्मा लावू" असे कोणी दरडावले तर मेस्मा, म्हणजे अत्यावश्यक सेवांतला संप रोखणारा कायदा, राज्य शासन लावते, प्रशासकीय कार्यालय नव्हे, एवढे मनाशी पक्के असू द्या. ते तोंडावर सुनावण्याची गरज नाही.

सुरक्षा साहित्याविषयी सर्वोच्च न्यायालयाने ८ एप्रिल २०२० रोजी दिलेला अंतरिम आदेश तुमच्या पत्रात उद्धृत करण्याजोगा आहे. कोविड रुग्णांची प्रत्यक्ष शुश्रूषा करणाऱ्या सर्वांना, त्यात डॉक्टरांबरोबर परिचारिका आणि वॉर्डबॉय यांचाही नामोल्लेख आहे, योग्य संरक्षक साहित्य मिळाले पाहिजे, असे न्यायालयाने सांगितले. मामा आणि मावशींची, म्हणजे वॉर्डबॉय आणि आया यांची, नावे बहुतेक पत्रांतून सुटतात, तुमच्या पत्रातून सुटू देऊ नका. उलट्या पुसणारी आणि पिवळी पिशवी खाली नेणारी मावशी साध्या कापडी मास्कवर असेल, तर तुमच्या एन-९५ ने त्या वॉर्डाचे रक्षण होणार नाही.

मात्र मागताना नेमके मागा. "किट नाही" हे तक्रारीचे वाक्य कच्चे आहे. कोणत्या कामाला काय हवे, याच्या सूचना केंद्रीय आरोग्य मंत्रालयाने २४ मार्च २०२० रोजीच दिल्या होत्या आणि त्यांचे सूत्र धोक्यानुसार साहित्य असे होते. दारातून तापमान विचारायला अंगभर किट लागत नाही. सक्शन, नेब्युलायझर, नळी घालणे, मास्कने दाब देऊन श्वास देणे, छातीवर दाब देणे या कामांत हवेत सूक्ष्म कण उडतात. तिथे एन-९५, डोळ्यांचे संरक्षण, गाऊन आणि हातमोजे यांच्याशिवाय जाऊ नये. मास्क पुन्हा वापरायला सांगितला म्हणजे लगेच हक्कभंग झाला असेही नाही. तुटवड्याच्या काळात मास्क कागदी पिशवीत सुकवून आलटून पालटून मर्यादित वेळा वापरण्याची पद्धत तज्ज्ञांनीच सांगितली होती. पण तो ओला झाला, रक्त-थुंकी उडाली, पट्टा सैल पडला किंवा श्वास सोडताना कडेने वारा लागू लागला, तर तो गेला असे समजावे. पिशवीवर नाव आणि तारीख नसेल तर आपण कोणाचा मास्क तोंडाला लावत आहोत हेही कळत नाही. अनेक ठिकाणी नेमके हेच घडत होते.

संसर्गाचा मोठा धोका किट घालताना नसतो, काढताना असतो. सहा तास घामात उभे राहिल्यावर, पाणी न पिता, कधी पाळीचे दिवस असताना, माणसाला ते कधी एकदा अंगावरून उतरवते असे होते आणि हात थेट चेहऱ्याकडे जातो. म्हणून आधी हातमोजे आणि गाऊन, मग हात स्वच्छ, मग चष्मा किंवा शील्ड, पुन्हा हात स्वच्छ, आणि मास्क सर्वांत शेवटी, खोलीबाहेर आल्यावर. तोही पुढच्या बाजूला हात न लावता, आधी खालचा पट्टा आणि मग वरचा. समोर एक सहकारी नुसती पाहायला उभी असावी आणि चुकलात तर तिने मोठ्याने थांबवावे. मंत्रालयाच्या २०२० च्या सूचनांतही कर्मचाऱ्यांच्या अशा जोड्या लावण्यास सांगितले होते. बांगड्या आणि मंगळसूत्र घरी ठेवण्यावरून काही घरांत कुरबूर होते, ती नोकरीच्या नावावर खपवावी. मास्क काढण्याची स्वतंत्र जागा तुमच्या रुग्णालयात आहे का? जिन्याखालचा कोपरा असेल तर तेही पत्रात लिहा.

तुमचा सर्वांत जड प्रश्न रुग्णाचा आहे. दोष कोणाच्या माथी, याचा निवाडा मी करत नाही, पण वागावे कसे हे सांगू शकते. पूर्ण नकार आणि आंधळी उडी यांच्यामध्ये बरीच जागा असते. साहित्य अपुरे असेल तर जवळ आहे तेवढ्यात जे सुरक्षितपणे होते ते करावे : रुग्णाला मास्क लावणे, ऑक्सिजन सुरू आहे ना पाहणे, खाटेचे डोके वर करणे, दारातून निरीक्षण ठेवणे, डॉक्टरांना आणि इन-चार्ज सिस्टरना त्याच मिनिटाला कळवणे आणि कळवल्याची वेळ लिहिणे. कण उडवणारे काम संरक्षणाशिवाय करणार नाही, एवढाच नकार असावा आणि तो सकारण असावा. कोविड काळातल्या पुनरुज्जीवनाच्या मार्गदर्शनातही आधी स्वतःचे संरक्षण आणि मग छातीवर दाब असा क्रम होता. तो निष्ठुर वाटतो, पण एका पाळीत तीन परिचारिका बाधित झाल्या तर पुढचे पंधरा दिवस त्या वॉर्डातल्या सगळ्याच रुग्णांना कोण पाहणार? एप्रिल २०२० मध्ये मुंबईतल्या एका मोठ्या खासगी रुग्णालयातल्या २६ परिचारिका आणि ३ डॉक्टर बाधित निघाले आणि ते सबंध रुग्णालयच प्रतिबंधित क्षेत्र म्हणून बंद करावे लागले. ही ओढाताण टाळण्याचा साधा उपाय म्हणजे विलगीकरण कक्षाच्या दाराबाहेर दोन पूर्ण किट बांधून, मोहोर लावून, क्रॅश कार्टसारखी (तातडीच्या औषध-साहित्याच्या गाडीसारखी) प्रत्येक पाळीत तपासून ठेवणे. हा खर्च कोणत्याही साठ खाटांच्या रुग्णालयाला जड नाही.

एक गोष्ट मात्र कोणत्याही परिस्थितीत करू नका : पाळीच्या मध्येच, रिलीव्हरला ओव्हर न देता, म्हणजे पुढच्या पाळीच्या परिचारिकेकडे रुग्ण न सोपवता, निघून जाणे. त्या क्षणी तुमची बाजू कितीही बरोबर असली तरी रुग्ण सोडून गेल्याचा ठपका तुमच्यावर येईल आणि परिषदेकडच्या तक्रारीत त्याचे उत्तर देणे अवघड जाईल.

लिहून ठेवण्यावर मी इतका भर देते, त्याला कारण आहे. अहमदनगरच्या, म्हणजे आताच्या अहिल्यानगरच्या, जिल्हा रुग्णालयातल्या अतिदक्षता कक्षाला ६ नोव्हेंबर २०२१ रोजी आग लागली. आत कोविडचे रुग्ण होते, त्यांतले ११ जण गेले. पुढच्या काही दिवसांत एका वैद्यकीय अधिकाऱ्याबरोबर परिचारिकांनाही अटक झाली आणि राज्यभरातल्या परिचारिका संघटना त्याविरुद्ध उभ्या राहिल्या. त्या प्रकरणात कोणाचा किती दोष, हे ठरवणे माझे काम नाही. पण वॉर्डात काहीही घडले की पहिला प्रश्न ड्युटीवर कोण होते हा येतो, आणि वायरिंग कोणी केले, पाण्याचे फवारे का नव्हते, हे प्रश्न नंतर येतात. म्हणून ऑक्सिजनचा दाब कमी होता, सॉकेट तापत होते, व्हेंटिलेटरवरच्या चार रुग्णांमागे आपण एकट्या होतो, हे सारे त्याच पाळीत वेळेसह रिपोर्ट बुकात उतरले पाहिजे. तोंडी सांगितलेले कोणालाच आठवत नाही. फ्लॉरेन्स नाइटिंगेलच्या हातातला दिवा आपल्याकडे दर १२ मेला, परिचारिका दिनी, पेटवला जातो, पण युद्धातल्या मृत्यूंचे जे तक्ते मांडून तिने ब्रिटिश सरकारला लष्करी रुग्णालयांची दुरवस्था दाखवून दिली, ते तक्ते कोणत्याही शपथविधीत वाचले जात नाहीत.

हक्कांबरोबर आपल्या बाजूची काही कर्तव्येही आहेत, आणि ती टाळून केलेली मागणी दुबळी पडते. स्वतःला ताप-खोकला असताना पगार कापला जाईल म्हणून लपवणे, हे मागच्या वेळी पुष्कळ जणींनी केले. कारण समजते, तरी समर्थन करता येत नाही. प्रशिक्षण न घेता हजेरीपत्रकावर सह्या मारणे, जोखमीचे काम शिकाऊ मुलींवर किंवा मावशीवर ढकलणे, मिळालेले मास्क घरच्यांसाठी पिशवीत घालून नेणे, लस घ्यायला टाळाटाळ करणे, यांतले एकही व्यवस्थापनाच्या हाती सापडू देऊ नका. मास्क घसरला, हातमोजा फाटला, सुई टोचली, तर ते लाजेने न झाकता त्याच दिवशी कळवा. नंतर संसर्ग झालाच तर तो कामावर झाला हे दाखवायला ती नोंदच उपयोगी पडते.

घरच्या परिस्थितीचे उत्तर त्या मानाने सोपे आहे. गरोदर किंवा अंगावर पाजणाऱ्या आणि प्रतिकारशक्ती कमी असलेल्या कर्मचाऱ्यांनी आपली स्थिती रुग्णालयाला कळवावी व त्यांना कोविड नसलेल्या विभागातच नेमावे, असे आरोग्य मंत्रालयाच्या २०२० च्या सूचनांत स्पष्ट म्हटले होते. नवी साथ आली तर सूचना नव्या निघतील, पण तुम्ही आजच अर्ज देऊन ठेवा. ही सवलत भीक नाही आणि सहकाऱ्यांवर अन्यायही नाही. बिगर-साथीच्या वॉर्डातही माणसे लागतातच, तिथल्या नाइट तुम्ही जास्त घ्या. तरीही संसर्ग झालाच तर बाळाला अंगावरून तोडण्याची घाई करू नका. कोविडमध्ये बाधित आईनेही मास्क लावून, हात धुऊन पाजत राहावे, असाच जागतिक आरोग्य संघटनेचा सल्ला होता. दुसऱ्या रोगासाठी तो वेगळा असू शकतो, तेव्हा बालरोगतज्ज्ञांना विचारा. सासूबाईंची साखर ताब्यात ठेवणे आणि त्यांच्या लसी वेळेवर होणे याचा तुमच्या गणवेश धुण्याइतकाच उपयोग आहे. गणवेश शक्यतो रुग्णालयातच बदला.

घरमालकाने पुन्हा तसे केले, तर आता कायदा तुमच्या बाजूने स्पष्ट आहे. १८९७ च्या कायद्यात शुश्रूषा करणाऱ्यांच्या संरक्षणाविषयी असे काही नव्हते. २२ एप्रिल २०२० च्या वटहुकमाने आणि त्याच वर्षी झालेल्या दुरुस्ती कायद्याने ते आले. साथीच्या काळात आरोग्य कर्मचाऱ्यावर हिंसा केल्यास तीन महिने ते पाच वर्षे कैद आणि ५० हजार ते २ लाख रुपये दंड, गंभीर दुखापत केल्यास सहा महिने ते सात वर्षे कैद आणि १ ते ५ लाख दंड, अशी शिक्षा आहे. गुन्हा दखलपात्र व अजामीनपात्र आहे. हिंसेच्या व्याख्येत राहणे किंवा काम करणे अशक्य करणारा छळही येतो. आपल्या राज्यात साथ नसतानाही लागू असलेला २०१० चा कायदा आहेच, त्यात तीन वर्षांपर्यंत कैद होऊ शकते. अर्थात भाड्याच्या खोलीत रोज ज्याचे तोंड पाहायचे त्याच्यावर पहिल्याच दिवशी गुन्हा नोंदवावा असे मी म्हणणार नाही. रुग्णालयाच्या लेटरहेडवर एक पत्र आणि पोलीस ठाण्यातून एक फोन एवढ्यावर बहुतेक जण नरमतात.

२०२० च्या कापलेल्या पगाराबद्दल. सर्वोच्च न्यायालयाने १७ जून २०२० रोजी कोविड सेवेतल्या आरोग्य कर्मचाऱ्यांचे वेतन आणि विलगीकरणाची सोय यांबाबत निर्देश दिले होते आणि विलगीकरणाचा काळ रजा धरू नये, ही भूमिका त्याच प्रकरणात पुढे आली. इतक्या वर्षांनी ती रक्कम हाती पडेल अशी आशा मी तुम्हाला लावणार नाही. तरी त्या महिन्याची पगाराची पावती आणि तपासणीचा अहवाल जपून ठेवा, कारण वेतनाची अट नव्या मसुद्यात का हवी, हे सांगायला तुमच्याकडे त्याहून चांगला पुरावा नाही. पगार ईएसआयच्या (कर्मचारी राज्य विमा योजनेच्या) महिना २१ हजारांच्या मर्यादेत असेल तर तुमचे नाव तिथे नोंदवले आहे का आणि वर्गणी खरोखर भरली जाते का, हेही या निमित्ताने तपासा.

यजमानांना हे उत्तर वाचायला द्या. नोकरी सोडण्याचा विचार करायचाच असेल तर तो सुधारित मसुद्याला व्यवस्थापन काय उत्तर देते हे पाहून करावा. पत्र देण्याआधी गावातल्या एखाद्या कामगार कायदा जाणणाऱ्या वकिलाची नजर त्यावरून फिरवून घ्या आणि किती जणी सही करणार आहेत ते मोजा. दहा-बारा जणी असतील तर पुढच्याच आठवड्यात द्या. तुम्ही दोघी-तिघीच असाल तर आधी इन-चार्ज सिस्टरना विश्वासात घ्या. त्यांच्यापुढेही हाच कागद ठेवलेला असणार.